दुष्काळात जनावराचा भाव कोण ठरवतो: चारा, दूध की गिऱ्हाईक?

सांगोला_गोठा (१८ फेब्रुवारी २०२४)

सर्वांना नमस्कार. आमचा गोठा सांगोला तालुक्यात आहे. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही तालुका आहे. दावणीला तीन दुभत्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, पाच महिन्यांची गाभण असलेली एक आटलेली गाय, दोन कालवडी आणि खिलार बैलांची एक जोड आहे. जोडीचे वय झाले आहे; वडिलांचा जीव त्यांच्यात गुंतला असल्यामुळे ती आजवर ठेवली.

कडब्याची गंजी मार्चअखेर संपेल असा अंदाज आहे. विहिरीने तळ गाठल्यामुळे हत्तीघासाला पाणी देणे कठीण झाले आहे. रविवारच्या बाजारात चौकशी केली, तेव्हा गाभण गाय व्यापाऱ्यांनी तीस हजारांच्या आसपास मागितली, कालवडींकडे कुणी फिरकले नाही आणि बैलजोडीचे नाव काढताच समोरच्याने विषय बदलला. त्याच बाजारात एका शेतकऱ्याची म्हैस मात्र फारशी घासाघीस न होता विकली गेली, आणि शर्यतीच्या एका खोंडाभोवती तर इतकी गर्दी होती की दुष्काळ आहे हे सांगूनही पटले नसते.

चारा महाग झाला की जनावर स्वस्त होते, इतके मलाही कळते. परंतु चारा सर्वच जनावरांना सारखा महाग असताना भाव मात्र असे निरनिराळे का पडतात? आणि आता विकावे की पाऊस पडेपर्यंत धरून ठेवावे? जाणकारांनी हिशेबासह सांगितल्यास उपकार होतील.

नीराकाठ (१८ फेब्रुवारी २०२४)

दादा, मी स्वतः गोठा सांभाळतो आणि अकलूज, सांगोला व घोडेगाव या बाजारांत माझी ये-जा असते, त्यामुळे विकणारा आणि घेणारा अशा दोन्ही बाजू थोड्याफार जवळून पाहिल्या आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर चाऱ्यापासून नव्हे, गिऱ्हाइकापासून सुरू होते.

दुष्काळी गावातली गाय दुष्काळी गावात विकली जात नाही. ती बागायत भागात जाते, म्हणजे ज्याच्याकडे उसाचे वाढे (तोडणीनंतर उरणारे हिरवे शेंडे), मका आणि पाणी आहे असा शेतकरी ती घेतो. टंचाई दोन-चार तालुक्यांपुरती असेल, तर हा बाहेरचा गिऱ्हाईक भाव फार पडू देत नाही, कारण त्याला स्वस्तात चांगली गाय मिळत असते आणि त्याच्यासारखे आणखी दहा जण बाजारात उभे असतात. टंचाई सर्वदूर पसरली की हाच गिऱ्हाईक नाहीसा होतो. यंदा नेमके तेच झाले आहे. मागचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपल्या बाजारात नेहमी दिसणारे कर्नाटकातील व्यापारी यंदा कमी का आले, याचे कारण त्यांच्या राज्याने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले यात आहे. आपल्या ४० तालुक्यांच्या यादीत हातकणंगले आणि गडहिंग्लजही आहेत. कोल्हापूर जिल्ह्याचे नाव अशा यादीत येते तेव्हा आपण गाय कुणाला विकणार?

दुसरी गोष्ट वेळेची. मुरलेला व्यापारी गायीच्या कासेकडे पाहण्याआधी आपल्या गोठ्यामागच्या गंजीकडे पाहतो. किती दिवसांचा कडबा शिल्लक आहे हे त्याला कळले की आपली अडचण त्याला कळली, आणि मग भाव ठरवताना रुमालाखाली बोटे कितीही दाबली तरी आकडा वर सरकत नाही. म्हणून जे जनावर काढायचेच आहे ते दिवाळी ते संक्रांत या काळात काढावे, असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात. त्या काळात कारखाने सुरू असतात, वाढे मुबलक मिळतात आणि बागायतदाराच्या मनात आणखी एक गाय बांधायची उमेद असते. पाणी कमी असलेल्या वर्षी गाळप लवकर आटोपते, वाढे एकदम बंद होतात आणि त्यानंतरच्या बाजारात सगळेच विकायला आलेले असतात.

ती वेळ आता निघून गेली आहे, त्यामुळे सगळी दावण रिकामी करण्याचा विचार करू नये. तीन दुभत्यांपैकी जी सर्वांत कमी दूध देते आणि जिचे वेत जुने झाले आहे, ती या पंधरवड्यात काढावी. दुभती गाय समोर पिळून दाखवता येते, त्यामुळे पडत्या बाजारातही तिला विचारणारा असतो. कालवडी विकल्या जात असतील तर एखादी सोडावी. गाभण गाय मात्र तीस हजारांना देऊ नये, असे माझे मत आहे.

उसाच्या चाऱ्याबद्दलही एक सांगून ठेवतो. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,१५० रुपये एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) ठरवली. कारखान्याकडून हाती येईल त्यापेक्षा चाऱ्यासाठी रोख पैसे जास्त मिळत असतील, तरच बागायतदार फडात कोयता घालून ऊस आपल्याला देतो. म्हणजे उसाच्या चाऱ्याचा तळ साखरेने ठरवलेला असतो. त्याच्या खाली तो येईल या आशेवर थांबू नये.

निवृत्त_पशुधन_अधिकारी (१९ फेब्रुवारी २०२४)

आपण हिशेब विचारला आहे, तो एकेका जनावराचा वेगळा करावा लागेल. खालील दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून आकडे बदलून घ्यावेत.

साधारण ४०० किलो वजनाच्या गायीला दिवसाला दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरणारा चारा) लागतो. टंचाईत एवढे सर्वांना मिळत नाही, परंतु आटलेली गाय नुसती जगवायची म्हटले तरी सहा किलो कडबा, दहा किलो मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा), एक किलो पेंड आणि थोडे खनिज मिश्रण यांच्या खाली उतरू नये. कडबा किलोला १०, मुरघास ८ आणि पेंड ३४ रुपये धरली, तर ६०, ८०, ३४ आणि खनिज मिश्रणाचे ६ मिळून दिवसाचे १८० रुपये होतात. आपली गाय पाच महिन्यांची गाभण आहे, म्हणजे जूनच्या मध्यावर विणार. १२० दिवसांचे २१,६०० रुपये आणि शेवटच्या दोन महिन्यांत वाढवावी लागणारी पेंड धरून सुमारे २४ हजार रुपये खर्च येईल. आज तीस हजारांची मागणी नाकारली, तर ती गाय जूनमध्ये आपल्याला ५४ हजारांना पडली असे समजावे. ताजी व्यालेली, तिसऱ्या-चौथ्या वेताची निरोगी गाय पाऊस सुरू झाल्यावर त्याहून अधिक किमतीला जाण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून ती ठेवावी या वरील मताशी मी सहमत आहे. तीच गाय गाभण नसती, तर मी उलट सल्ला दिला असता, कारण आज माजावर न आलेल्या गायीवर जूनपर्यंत तेवढाच खर्च करूनही दूध हाती येण्यास ती गाभण राहिल्यापासून पुढे नऊ महिने लागतात.

आता दुभत्या गायीचा हिशेब पाहू. बारा लिटर दूध देणाऱ्या गायीला शरीरपोषणाच्या १८० रुपयांशिवाय लिटरमागे सुमारे ४०० ग्रॅम पेंड लागते, म्हणजे ४.८ किलोचे १६३ रुपये. एकूण ३४३. जुलै २०२३ मध्ये शासनाने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) गायीच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला होता. त्या दराने बारा लिटरचे ४०८ रुपये होत होते. पुढे दर घसरला आणि आज २७ रुपये धरले तर ३२४ होतात. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेले लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान मिळाले तर हिशेब ३८४ वर जातो, परंतु त्यासाठी जनावराच्या कानात टॅग आणि त्याची नोंद असणे आवश्यक आहे, शिवाय ते मर्यादित मुदतीचे आहे.

या आकड्यांकडे नीट पाहावे. दुधाचा दर सात रुपयांनी उतरल्यामुळे एका गायीमागे दिवसाला ८४ रुपये गेले. चांगल्या वर्षी कडबा आणि मुरघास प्रत्येकी पाच रुपये किलोने मिळाले असे धरले, तर यंदाच्या महागाईचा बोजा दिवसाला ६० रुपये भरतो. म्हणजे यंदा दुभत्या गायींच्या किमती पाडण्यात दुष्काळापेक्षा दुधाच्या दराचा वाटा मोठा आहे. लोक आभाळाकडे पाहत बसले आहेत, पण दुभत्या गायीचा भाव पाऊस पडल्यावर नव्हे, दुधाचा दर सुधारल्यावर वर येईल.

वैद्यकीय बाजूने दोनच सूचना करतो. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये; त्यांतील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही आणि गाय व्याल्यावर बसते, म्हणून खनिज मिश्रण बंद करण्याची काटकसर करू नये. तसेच पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी कापून घालू नये, तिच्यामुळे विषबाधा होऊन जनावर काही तासांत दगावू शकते. उपाशी राहिलेली गाय वेळेवर माजावर येत नाही आणि दोन वेतांतले अंतर वाढते. व्यापारी हाडे वर आलेल्या गायीला कमी भाव देतो तो निव्वळ लबाडीने नव्हे. तो तिचे पुढचे वर्ष मोजत असतो.

बालाघाट (१९ फेब्रुवारी २०२४)

मी बीड जिल्ह्यातला आहे. डॉक्टरसाहेबांचा हिशेब योग्य आहे, परंतु त्यात छावणी (दुष्काळात शासकीय अनुदानावर जनावरांना चारा-पाणी देणारा तळ) आलेली नाही, आणि आमच्याकडे भाव छावणीशिवाय समजत नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात सर्वाधिक छावण्या आमच्या जिल्ह्यात होत्या. मोठ्या जनावरामागे दररोज ९० रुपये असलेले अनुदान मे २०१९ मध्ये १०० रुपये केले गेले, लहान जनावराला त्याच्या निम्मे. छावणी सुरू होण्याची खात्री पटताच बाजारातली आवक कमी झाली, कारण जनावर जगवण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जाणे थांबले. छावणीत आठवडेच्या आठवडे राहण्याचे हाल वेगळे, बायामाणसांचे तर फारच, पण मातीमोल विक्री तिने थांबवली हे मान्य करावे लागेल. अडचण अशी की निर्णय होईपर्यंत ज्यांना थांबता येत नाही, तेच अल्पभूधारक आधी विकून मोकळे झालेले असतात, आणि छावणीचा लाभ ज्याच्याकडे थोडी तरी गंजी शिल्लक होती त्याला मिळतो. शिवाय एका शेतकऱ्याची पाचच जनावरे घेत असल्यामुळे उरलेली कुठे न्यायची हा प्रश्न राहतोच.

यंदा छावणी गृहीत धरून जनावरे ठेवू नयेत, एवढेच माझे म्हणणे. आणखी एक: टंचाईत जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी करतात. ज्या जिल्ह्यात चारा आहे तेथे त्यामुळे तो स्वस्त राहतो, आणि ज्या जिल्ह्यात नाही तेथे अधिक महागतो. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडची ज्वारी आता काढणीला येत आहे. यंदा पेरा कमी असला तरी कडबा वर्षभरात त्यातल्या त्यात स्वस्त मिळतो तो काढणीच्या या काही आठवड्यांतच. घ्यायचा असेल तर मे महिन्याची वाट पाहू नये.

सांगोला_गोठा (२० फेब्रुवारी २०२४)

सर्वांचे मनापासून आभार. एक कमी दुधाची गाय काढायची आणि गाभण गाय ठेवायची, यावर घरात एकमत झाले आहे. कडब्यासाठी दोन ठिकाणी बोलणी लावली आहेत. कालवडींविषयी मात्र डॉक्टरसाहेबांचे मत समजले नाही. आणि बैलजोडीला कुणीच का विचारत नाही, म्हशीला का विचारतात, हा माझ्या मूळ प्रश्नाचा भाग राहून गेला.

आकडेमोड (२० फेब्रुवारी २०२४)

राहिलेल्या भागाबद्दल लिहितो. मी शेतकरी नाही, कृषी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे बाजारातला अनुभव वरील मंडळींचाच प्रमाण मानावा.

कोणत्याही जनावराच्या किमतीचे दोन भाग असतात. एक, त्याच्याकडून पुढे मिळणारे दूध, वासरू किंवा काम; दुसरा, काहीच मिळणार नसेल तेव्हा उरणारी किंमत. चारा महागला की पहिला भाग आक्रसतो आणि भाव दुसऱ्या भागावर येऊन टेकतो. म्हशीच्या बाबतीत हा दुसरा भाग शाबूत आहे, कारण भाकड म्हैस कत्तलीसाठी विकता येते आणि म्हशीच्या मांसाची देशातून निर्यातही होते. गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासूनच बंद होती. मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. ती दुरुस्ती योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे आणि त्यावर येथे वाद घालू नये अशी विनंती. किमतीपुरता तिचा अर्थ इतकाच की, म्हाताऱ्या बैलाला काम संपल्यावर उरणारी किंमत जवळजवळ शून्य झाली. चांगल्या वर्षी चारा स्वस्त असल्यामुळे ते जाणवत नाही. दुष्काळात मात्र रोज शेकड्याने खर्च असलेले आणि शेवटी काहीच न देणारे जनावर फुकट दिले तरी घेणाऱ्याला महाग पडते, म्हणून तुमच्या जोडीचे नाव काढताच समोरच्याने विषय बदलला.

शर्यतीचा खोंड या हिशेबाच्या बाहेर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर धावणाऱ्या खिलार खोंडाची किंमत शौक आणि प्रतिष्ठा ठरवू लागली. त्याच्या मालकाला कडब्याचा दर विचारावा लागत नाही.

पशुगणनेतही हे चित्र उमटले आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील गोवंशाची एकूण संख्या एका टक्क्याहूनही कमी वाढली, पण त्यातील माद्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर हे त्याचे मोठे कारण आहेच, परंतु नर सांभाळणे परवडत नाही हेही त्यात आहे.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे सलग दुष्काळात पशुपालकांनी माद्याही कत्तलीला काढल्या आणि १ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्या गुरांची संख्या ८ कोटी ७२ लाखांवर आली, जी तोवर १९५१ नंतरची सर्वांत कमी होती. परिणामी आता तेथे वासरांचे भाव चढे आहेत. म्हणजे दुष्काळात भाव पडतो, पण जनावरेच कमी उरल्यामुळे नंतर तो वर जातो. आपल्याकडे दुसरा टप्पा फक्त दुभत्या आणि गाभण जनावरांना लागू पडतो, कारण पावसानंतर मागणी त्यांनाच असते.

खाद्याच्या दराबाबत मात्र मला लवकर दिलासा दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, त्यामुळे डिस्टिलऱ्यांची नजर मक्याकडे वळली आहे. मका महागला की गोळी पेंड, भरडा आणि मुरघास तिन्ही महागतात. त्यातच खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन वाढले, आणि सोयाबीनमागे कडबा मिळत नाही. म्हणजे यंदा चांगला पाऊस झाला तरी वैरण जुन्या दरावर येईल असे धरून पुढचा हिशेब मांडू नये.

निवृत्त_पशुधन_अधिकारी (२१ फेब्रुवारी २०२४)

कालवडींविषयी. दोघींपैकी जिच्या आईचे दूध चांगले आहे आणि जिचे वजन २५० किलोच्या जवळ आले आहे, ती ठेवावी. तिला आता खाण्यात कमी पडू दिले नाही, तर पावसाळ्यापर्यंत ती माजावर येईल आणि तीन महिन्यांची गाभण कालवड म्हणून दिवाळीच्या बाजारात तिला वेगळाच भाव मिळेल. दुसरी आज मिळेल त्या किमतीला द्यावी. ती ठेवली तर दोघींच्या वाट्याला अर्धे पोट येईल आणि दोघींचीही वाढ खुंटेल. बैलजोडीबाबत हिशेबाने सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वडिलांना विचारून काय ते ठरवावे.

नीराकाठ (२१ फेब्रुवारी २०२४)

गाय विकताना तीन गोष्टी सांभाळा. विसार घेतल्यावर बाजार समितीची पावती केल्याशिवाय दावे सोडू नये. कानातल्या टॅगची नोंद घेणाऱ्याच्या नावावर झाली आहे याची खात्री करावी, नाहीतर पुढे अनुदानाच्या वेळी आपल्याच खात्यावर गोंधळ होतो. आणि बाजारात नेण्याच्या आदल्या रात्री गाय न पिळता कास तुंबवून ठेवण्याचा मोह टाळावा. घोडेगावपासून सांगोल्यापर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळते, वर कासेला सूज आली तर त्या दिवशी ती गाय कुणीच घेत नाही.

रविवारी मी बाजारात असेन. गाय आणणार असाल तर आठच्या आत या, दुपारनंतर उरलेल्या जनावरांचेच भाव निघतात.